मागचे दोघे आधी मोजा : तरुण क्वार्टरबॅकने बचाव वाचायला कसे शिकावे

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्नॅप (खेळ सुरू करण्यासाठी चेंडू मागे देणे) झाल्यापासून चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हातातून सुटेपर्यंत साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. एवढ्या वेळात समोरचे अकराच्या अकरा खेळाडू पाहणे कोणालाही शक्य नसते, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला तर नाहीच. तरीही बाजूरेषेबाहेर बसलेले आम्ही पालक ‘अरे, नीट बघून फेक’ असे ओरडत असतो आणि नेमके काय बघायचे हे मात्र आमच्यापैकी एकालाही सांगता येत नाही. माझा मुलगा नववीत शाळेच्या कनिष्ठ संघाचा क्वार्टरबॅक झाला तेव्हा माझीही तीच गत होती. त्यानंतरच्या तीन हंगामांत त्याच्या प्रशिक्षकांचे ऐकून, चित्रफिती पाहून आणि जेवणाच्या टेबलावर हरभरे-शेंगदाणे मांडून जे उमगले, ते अमेरिकेत मुले वाढवणाऱ्या मराठी पालकांसाठी, आणि त्याहून अधिक त्या मुलांसाठी, येथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीला माझी समजूत अशी होती की बचाव उत्तम वाचणारा मुलगा इतरांपेक्षा जास्त पाहतो. वस्तुस्थिती उलट निघाली. नवशिका सगळीकडे पाहतो आणि गोंधळतो. तयार झालेला मुलगा स्नॅपपूर्वी दोन-तीन जणांकडे आणि स्नॅपनंतर बहुतेक वेळा एकाकडेच पाहतो. कबड्डी खेळलेल्यांना हे चटकन पटेल. चढाईला गेलेला खेळाडू सातही जणांवर नजर ठेवत नाही. दोन्ही कोपरे कुठे आहेत आणि साखळी कोण बांधतो आहे एवढेच तो पाहतो, बाकीचे त्याला आपोआप जाणवते.

मैदान आणि डाऊन

मैदानाची रुंदी १६० फूट, म्हणजे ५३ यार्ड आणि एक फूट असते. शालेय मैदानावर हॅशच्या (खेळ सुरू करताना चेंडू कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या छोट्या खुणांच्या) दोन ओळी या रुंदीचे तीन सारखे भाग करतात. महाविद्यालयीन मैदानावर त्या दोन ओळींत ४० फुटांचे अंतर असते आणि एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, अवघे साडेअठरा फुटांचे. हा तपशील रटाळ वाटेल, पण रविवारचे सामने दूरचित्रवाणीवर पाहून शिकणाऱ्या मुलाची पहिली फसगत येथेच होते. शालेय सामन्यात चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवीकडे जवळजवळ ३५ यार्ड मैदान पसरलेले असते. त्या बाजूला बचाव विरळ होतो हे खरे, पण पंधरा वर्षांच्या हातातून सुटलेला चेंडू तिकडच्या बाजूरेषेपर्यंत पोचायला इतका वेळ घेतो की कॉर्नरबॅक (कडेचा बचावपटू) मध्येच येऊन तो आरामात उचलतो. म्हणून खेळाची, म्हणजे ठरलेल्या चालीची, हाक मिळताच स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न बचावाबद्दलचा नसतो. चेंडू कोणत्या हॅशवर आहे, रुंद बाजू कोणती, डाऊन (ठरलेले यार्ड गाठण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी एक) कितवा आणि किती यार्ड हवे आहेत, एवढे आधी मनात पक्के असले पाहिजे. तिसरा डाऊन आणि आठ यार्ड असताना दिसणारी मांडणी आणि पहिला डाऊन असताना दिसणारी तीच मांडणी यांचा अर्थ सारखा नसतो.

पहिली पायरी : सेफ्टी मोजणे

बचावफळीच्या सर्वांत मागे, मैदानाच्या मधल्या पट्ट्यात उभे राहणाऱ्यांना सेफ्टी म्हणतात. ते साधारणपणे स्क्रिमेज रेषेपासून, म्हणजे जेथे चेंडू ठेवून खेळ सुरू होतो त्या रेषेपासून, दहा ते पंधरा यार्डांवर असतात. क्वार्टरबॅकने वर मान करून पहिल्यांदा मोजायचे ते यांनाच: मागे किती जण आहेत, एक, दोन की कोणीच नाही?

एकच सेफ्टी मधोमध उभा असेल, तर मैदानाचा खोल मध्यभाग बंद आहे असे समजावे. अशा वेळी बचाव बहुधा कव्हर वन किंवा कव्हर थ्री असतो. कव्हर वनमध्ये तो एकटा मागे राहतो आणि पुढचे खेळाडू एकेका रिसीव्हरला (चेंडू झेलणाऱ्याला) चिकटतात. कव्हर थ्रीमध्ये तो आणि दोन कॉर्नरबॅक मिळून खोल भाग तिघांत वाटून घेतात आणि चौघे त्यांच्या पुढचा भाग राखतात. दोन सेफ्टी हॅशच्या आसपास उभे असतील, तर मध्यभाग उघडा आहे. मग कव्हर टू असेल, म्हणजे प्रत्येकाकडे निम्मे खोल मैदान. किंवा कव्हर फोर, म्हणजे दोन्ही कॉर्नरही मागे सरकून चौघांनी चार पट्टे घेतलेले. मागे कोणीच नसेल तर ते कव्हर झीरो होय. तेथे ब्लिट्झ, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त बचावपटूंनी क्वार्टरबॅकवर धावून येणे, जवळपास ठरलेला असतो आणि चेंडू डोळ्याचे पाते लवायच्या आत सोडावा लागतो. या नावांतला आकडा खोल भाग राखणाऱ्यांची संख्या सांगतो, त्यामुळे पाठांतराचे ओझे वाटते तेवढे जड नाही.

प्रत्येक मांडणीत कुठेतरी भोक असते आणि ते कुठे आहे हे मुलाला झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे. कव्हर टूमध्ये बाजूरेषेलगत, कॉर्नरच्या मागे आणि सेफ्टीच्या पुढे, पंधरा-अठरा यार्डांवर एक खिडकी उघडते. दुसरी जागा दोन सेफ्टींच्या मधोमध, खोलवर. कव्हर थ्रीमध्ये मधला सेफ्टी आणि कॉर्नर यांच्यामधल्या दोन उभ्या शिवणी, आणि बाजूरेषेजवळचा उथळ भाग, ज्याला फ्लॅट म्हणतात. कव्हर फोरमध्ये खोल फेकण्याच्या भानगडीत पडू नये. पुढे तिघेच उरलेले असतात, तेव्हा पाच-सहा यार्ड मिळत असतील तर ते निमूट घ्यावेत. कव्हर वनमध्ये आडव्या धावणाऱ्या रिसीव्हरच्या मागे पळताना बचावपटू एकमेकांत अडकतात, त्याचा फायदा घ्यावा.

पहिल्या हंगामात यापलीकडे काहीही शिकवू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आमच्या चिरंजीवांना प्रशिक्षकांनी सांगितलेले काम एवढेच होते की प्रत्येक स्नॅपपूर्वी मनात ‘एक’ किंवा ‘दोन’ म्हणायचे. सरावात तो विसरला की खेळ थांबवून पुन्हा सुरू करीत. एनएफएलचा माजी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग स्नॅपपूर्वी हातवारे करीत ‘ओमाहा’ ओरडायचा, त्याची नक्कल पुष्कळ मुले करतात. ती पाहायला गंमत वाटते, पण शालेय संघांत खेळ बदलण्याचा निर्णय बहुधा बाजूरेषेवरून येतो आणि मुलाला तेवढी मोकळीक हळूहळूच मिळते.

दुसरी पायरी : कॉर्नरचे डोळे, बॉक्स आणि मोशन

सेफ्टी मोजून झाले की नजर कॉर्नरबॅककडे न्यावी. तो पाच यार्डांवर, रिसीव्हरच्या बाहेरच्या खांद्याला उभा राहून क्वार्टरबॅककडेच पाहत असेल तर तो झोन खेळतो आहे, म्हणजे माणूस नव्हे तर जागा राखतो आहे, आणि मागे दोन सेफ्टी असल्यास हा कव्हर टू असण्याची शक्यता बरीच आहे. तो रिसीव्हरच्या आतल्या खांद्याला, अगदी जवळ उभा असेल आणि त्याची नजर रिसीव्हरच्या कमरेवर खिळली असेल तर ते मॅन, म्हणजे एकास एक राखण, समजावे. सात-आठ यार्ड मागे, बाजूरेषेकडे थोडी पाठ करून उभा राहणारा कॉर्नर खोल तिसरा हिस्सा घ्यायच्या तयारीत असतो.

यावर खात्री करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोशन. स्नॅपपूर्वी एका रिसीव्हरला एका बाजूकडून दुसरीकडे पाठवले आणि त्याच्यामागे एक बचावपटू धावत गेला तर बहुधा मॅन. कोणीच हलले नाही किंवा सगळे पाऊलभर सरकले तर झोन. प्रगत संघ येथेही फसवतात, पण कनिष्ठ पातळीवर ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते.

बॉक्स म्हणजे चेंडूसमोरचा, टॅकल ते टॅकल (आपल्या अडवणाऱ्या फळीतल्या टोकांच्या दोघांमधला) असा चौकोन. त्यात बचावाचे किती जण आहेत हे धावण्याच्या खेळासाठी मोजायचे. आपले पाच लाइनमन (रेषेवर उभे राहून अडवणारे) असताना पाचच जण दिसले तर धावावे, सात दिसले तर फेकावे. सहा असतील तर प्रशिक्षकांनी ठरवलेला नियम पाळावा.

तिसरी पायरी : स्नॅपनंतरचा पहिला सेकंद

येथवर जे पाहिले तो अंदाज होता. बचाव करणारेही शहाणे असतात आणि त्यांना ठाऊक असते की समोरचा मुलगा सेफ्टी मोजतो आहे.

हे आम्हांला समजले ते एका सामन्यात, दहावीच्या हंगामात. दिवाळीचा आठवडा होता, घरी चकल्यांचे डबे उघडलेले आणि आम्ही गारठ्यात मैदानाच्या बाकांवर. मुलाने दोन सेफ्टी मोजले, मध्यभाग उघडा आहे असे ठरवले आणि मधोमध खोल जाणाऱ्या रिसीव्हरकडे सुंदर चेंडू फेकला. स्नॅप होताच एक सेफ्टी पुढे उतरला होता आणि दुसरा सरकत बरोबर मधे जाऊन उभा राहिला होता. चेंडू त्याच्या हातात पोस्टमनने पत्र द्यावे तसा पडला. गाडीत बसल्यावर मुलगा एवढेच म्हणाला, “बाबा, दोन होते ना रे मागे?” दोन होतेच. तो चुकला नव्हता. पहिल्या उत्तरावर थांबला होता.

म्हणून चेंडू हातात येताच, पहिले पाऊल मागे टाकता टाकता, नजर पुन्हा सेफ्टींवर गेली पाहिजे. दोघेही मागे सरकले तर दोनच. एक खाली उतरून दुसरा मधे गेला तर आता एक. दोघेही पुढे धावले तर शून्य. कनिष्ठ पातळीवर सेफ्टी सहसा आपली चाल लपवण्यात कच्चे असतात: जो पुढे येणार असतो तो स्नॅपच्या आधीच एखादे पाऊल चोरून घेतो, आणि जो मधे जाणार असतो त्याचे पाय मधल्या दिशेने वळलेले दिसतात. वरच्या पातळीवर मात्र याच लपवाछपवीची कला झाली आहे. विक फँजिओ हे प्रशिक्षक दोन सेफ्टी मागे ठेवून स्नॅपनंतर चित्र बदलण्यासाठी ओळखले जातात. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्यांच्या फिलाडेल्फिया ईगल्सच्या बचावाने एकदाही ब्लिट्झ न करता, केवळ चौघांच्या माऱ्यावर कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडले, आणि सामना ४०-२२ असा जिंकला. मागे सात जण राखायला मोकळे राहिले की जगातल्या उत्तम क्वार्टरबॅकलाही मोकळा माणूस सापडेना, तेथे आपल्या मुलाने एखादा चेंडू गमावला तर आकाश कोसळत नाही.

चौथी पायरी : एक बचावपटू, दोन रिसीव्हर

सगळ्या शिक्षणाचा गाभा येथे आहे, म्हणून थोडे सावकाश सांगतो. बहुतेक पासिंग खेळ असे रचलेले असतात की एका बचावपटूला दोन रिसीव्हर राखावे लागतात आणि त्याने कोणताही निर्णय घेतला तरी तो चुकीचा ठरतो. क्वार्टरबॅकने त्या एकाच माणसाला पाहायचे असते.

टेबलावर अकरा हरभरे बचावाचे आणि अकरा शेंगदाणे आपले अशी मांडणी करा. कव्हर थ्री लावा: एक हरभरा मधे मागे, दोन्ही कडांना एकेक खोलवर, चार त्यांच्या पुढे, चार रेषेवर. आता उजवीकडचा बाहेरचा शेंगदाणा अकरा-बारा यार्ड पळवा आणि चेंडूकडे वळवा. याला कर्ल म्हणतात. आतला शेंगदाणा तीन-चार यार्डांवर बाजूरेषेकडे न्या, हा फ्लॅट. उजवीकडे पुढे उभा असलेला जो हरभरा आहे, बहुधा बाहेरचा लाइनबॅकर (रेषेवरच्या फळीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) किंवा खाली उतरलेला सेफ्टी, त्यावर बोट ठेवा. तो फ्लॅटच्या मागे बाहेर धावला तर कर्ल मोकळा. तो कर्लच्या वाटेत मागे सरकला तर फ्लॅट मोकळा. बाकी दहा हरभऱ्यांकडे या खेळात पाहण्याचे कारण जवळपास नाही. आमच्या घरी हा खेळ इतक्या वेळा झाला की शेवटी निम्मा बचाव खाऊन संपायचा, पण ‘बोट कोणावर?’ हा प्रश्न मुलाच्या अंगवळणी पडला.

कव्हर टूसाठी याच जातीचा खेळ म्हणजे स्मॅश. बाहेरचा रिसीव्हर पाच-सहा यार्डांवर थांबतो, आतला दहा-बारा यार्ड सरळ जाऊन बाजूरेषेच्या कोपऱ्याकडे वळतो. येथे बोट कॉर्नरबॅकवर: तो पुढेच बसून राहिला तर त्याच्या डोक्यावरून, सेफ्टी पोचण्याआधी, तो मागे सरकला तर खाली थांबलेल्याला.

नजरेला पायांची जोड नसेल तर हे सगळे कागदावरच राहते. १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची सूत्रे हाती घेतलेल्या बिल वॉल्श यांनी क्वार्टरबॅकच्या पावलांचा आणि रिसीव्हरच्या वळणाचा काटेकोर मेळ घातला आणि त्यांचा क्वार्टरबॅक जो मोंटानाच्या खेळात तो जगाला दिसला. आजच्या शालेय संघांत बहुतेक खेळ शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहून, होतात. तेथे कर्लसाठी साधारण तीन पावले मागे जाऊन मागचा पाय रोवला जाण्याच्या क्षणी पहिले उत्तर तयार हवे. ते ‘हो’ असेल तर चेंडू त्याच क्षणी सोडावा. ‘नाही’ असेल तर एक छोटी उडी पुढे, खांदे आणि पाय दुसऱ्या रिसीव्हरकडे, आणि दुसरे उत्तर. तेही नाही म्हटले तर रनिंग बॅककडे (चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे) खाली द्यावा किंवा धावावे. नजर दुसरीकडे गेली पण पाय पहिल्याकडेच राहिले, ही मुलांची नेहमीची चूक आहे; अशा वेळी चेंडू उंच आणि मागे जातो आणि पालकांना वाटते की हात कमी पडला. हाताचा त्यात काही दोष नसतो.

पाचवी पायरी : ब्लिट्झ

ब्लिट्झसाठी आधी स्वतःच्या बाजूचे मोजावे. पाच लाइनमन आणि एक रनिंग बॅक मिळून सहा जण अडवू शकतात. सातवा आला तर तो मोकळाच येणार आणि त्याची जबाबदारी क्वार्टरबॅकची. अशा वेळी चेंडू ज्याच्याकडे झटकन जायचा त्या रिसीव्हरला हॉट म्हणतात आणि तो कोण हे स्नॅपपूर्वी ठरलेले असावे. बहुतेक वेळा ब्लिट्झर जी जागा सोडून आला तीच मोकळी असते.

खुणा शोधायच्या तर लाइनबॅकरच्या टाचांकडे पाहावे: वजन चवड्यांवर आले की तो येतो आहे. सगळ्यांत उपयोगी पडलेली खूण वेगळीच आहे. आतल्या रिसीव्हरसमोर उभ्या असलेल्या बचावपटूच्या बरोबर मागे, सात-आठ यार्डांवर एखादा सेफ्टी येऊन उभा राहिला, तर पुढचा ब्लिट्झला निघणार आणि मागचा त्याची जागा घेणार असे समजावे. बचावाचे प्रशिक्षक डिक लेबो यांनी प्रसिद्ध केलेल्या झोन ब्लिट्झमध्ये मात्र एक बाहेरून येतो आणि रेषेवरचा धिप्पाड लाइनमन उलट मागे सरकून नेमका हॉट रिसीव्हरच्या वाटेत उभा राहतो. हे अकरावीपूर्वी शिकवण्याच्या फंदात पडू नये.

आठवड्याचा सराव

आता बहुतेक शाळांच्या चित्रफिती हडलसारख्या सेवेवर मिळतात. त्या सामना पाहतो तशा सलग पाहिल्या तर मनोरंजन होते, वाचन होत नाही. स्नॅपच्या आधी चित्र थांबवावे, मुलाने मोठ्याने सांगावे: हॅश, डाऊन, सेफ्टी किती, कॉर्नर कसा, बोट कोणावर. मग एक सेकंद चालवून पुन्हा थांबवावे आणि अंदाज टिकला की नाही ते वहीत लिहावे. वीस-पंचवीस खेळ पुरेत. त्यापुढे मुले आकडे ठोकून देतात. वहीत डाऊन, यार्ड, हॅश, स्नॅपपूर्वीचे चित्र आणि नंतरचे चित्र असे पाच रकाने ठेवले की दोन-तीन सामन्यांत प्रतिस्पर्ध्याची सवय दिसू लागते. एका संघाबाबत आम्हांला आढळले की तिसऱ्या डाऊनला लांब अंतर असले की ते दोन सेफ्टी दाखवून दर वेळी एकावर येत. दिवाळीतल्या त्या चेंडूची भरपाई या वहीने केली.

हे हत्यार दुधारी आहे, बचाव करणारेही असाच अभ्यास करतात, हेही ध्यानात ठेवावे. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये सिॲटल सीहॉक्स गोलरेषेपासून एका यार्डावर असताना रसेल विल्सनने फेकलेला चेंडू न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने पकडला आणि सामना फिरला. बटलर तेव्हा पहिल्याच वर्षाचा, ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला खेळाडू होता. ती मांडणी त्याने सरावात पाहिली होती आणि तेथे तो फसलाही होता.

उन्हाळ्यात सेव्हन-ऑन-सेव्हनच्या, म्हणजे सात विरुद्ध सात अशा, स्पर्धा होतात. कव्हरेज ओळखण्यासाठी त्या छान, पण तेथे अंगावर येणारे कोणी नसल्यामुळे मुलाला उभे राहून वाट पाहण्याची सवय लागते. ती मोडायची तर घरी सराव करताना आपण मोठ्याने ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असे मोजावे आणि तिसऱ्या आकड्याला उशी घेऊन त्याच्या अंगावर जावे. अंगणात दोन माणसे सेफ्टी म्हणून उभी केली तरी चालते. पाठीमागून इशारा मिळताच त्यांनी मनाला येईल तसे सरकायचे आणि मुलाने पाऊल मागे टाकता टाकता ‘एक’, ‘दोन’ किंवा ‘शून्य’ ओरडायचे. आमच्याकडे हे काम आजी आणि धाकटी बहीण करतात. आजी खाली उतरताना नेहमी आधी पदर खोचते, त्यामुळे तिची चाल स्नॅपपूर्वीच कळते, अशी मुलाची तक्रार आहे.

सामना संपल्यावर गाडीत किती यार्ड, किती टचडाऊन हे विचारणे मी सोडून दिले. एखादा खेळ निवडून ‘तेव्हा कोणाकडे पाहत होतास?’ एवढेच विचारतो. पहिल्या वर्षी उत्तर यायचे, ‘रिसीव्हरकडे’. गेल्या शुक्रवारी त्याने बचावपटूचा क्रमांक सांगितला, तो कोणत्या पायावर वळला तेही सांगितले, आणि मग म्हणाला की चेंडू तरी चुकलाच, कारण माझा मागचा पाय रोवलेला नव्हता.